‘सभा जनसामान्यांसाठी खुली आहे किंवा नाही’ : एका रकान्याची चिकित्सा (मावळ तालुक्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याविषयी मराठीत झालेले लेखन बहुतांशी अर्ज, अपील आणि आयोग या तीन शब्दांभोवती फिरत राहिले आहे. अर्ज कसा लिहावा, उत्तर किती दिवसांत मिळावे, न मिळाल्यास कोणाकडे जावे, या अंगाने विपुल मार्गदर्शन उपलब्ध आहे आणि ते आवश्यकही होते. मात्र याच अधिनियमातील एका लहानशा तरतुदीकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. कलम ४ (१) (ख) अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा बाबींची माहिती कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते. त्यातील आठवी बाब मंडळे, परिषदा व समित्या यांच्यासंबंधी आहे. या संस्थांच्या बैठका जनतेस खुल्या आहेत किंवा कसे, आणि त्यांची इतिवृत्ते जनतेस पाहावयास मिळतात किंवा कसे, हे प्राधिकरणाने सांगावे अशी तेथे अपेक्षा आहे.

महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांमध्ये या बाबीसाठी एक तक्ता रूढ झाला. अनुक्रमांक, समितीचे नाव, सदस्य, उद्दिष्ट, सभा किती वेळा होते, आणि त्यानंतर ‘सभा जनसामान्यांसाठी खुली आहे किंवा नाही’ हा रकाना. या रकान्यात बहुधा ‘नाही’ हा एकच शब्द आढळतो. काही ठिकाणी ‘निरंक’ असते. सभा खुली असण्याच्या प्रश्नाला ‘निरंक’ हे उत्तर कसे होऊ शकते, हा प्रश्न तो लिहिणाऱ्या लिपिकालाही पडला नसावा. प्रस्तुत लेखात या रकान्याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न आहे. ती करताना मावळ तालुका डोळ्यासमोर ठेवला आहे, कारण गेल्या शंभर वर्षांत या तालुक्याविषयीचे मोठे निर्णय जेथे झाले त्या बैठकीत मावळचा माणूस क्वचितच उपस्थित होता.

‘किंवा नाही’ चे व्याकरण

कायद्याची भाषा बारकाईने वाचली असता असे दिसते की, आठवी बाब बैठक खुली ठेवण्याचे बंधन घालत नाही. ती केवळ विचारते. प्राधिकरणाने ‘नाही’ असे लिहिले की कायद्याचे समाधान होते. बैठक बंद ठेवणे हे येथे उल्लंघन नाही. ती बंद आहे हे न सांगणे तेवढे उल्लंघन आहे. तिच्या शेजारच्या सातव्या बाबीचीही तीच रीत आहे. धोरण ठरविताना जनतेशी विचारविनिमय करण्याची काही व्यवस्था अस्तित्वात असल्यास तिचा तपशील द्यावा, असे ती म्हणते. व्यवस्था अस्तित्वात नसली तर द्यावयास काही उरत नाही.

याउलट त्याच कलमातील (ग) हा खंड महत्त्वाची धोरणे आखताना किंवा जनतेवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना सर्व संबद्ध वस्तुस्थिती प्रसिद्ध करण्यास सांगतो, आणि (घ) हा खंड निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना देण्यास सांगतो. ‘आखताना’ हे क्रियापदाचे रूप महत्त्वाचे आहे. निर्णय होण्यापूर्वीच्या काळाला हात घालणारा संपूर्ण अधिनियमातील हा जवळजवळ एकमेव शब्द होय. दुर्दैवाने (ख) खंडाच्या सतरा तक्त्यांची जेवढी चलती झाली तेवढी (ग) ची झाली नाही. तक्ता भरता येतो आणि भरला असे दाखविता येते. धोरण आखताना काय केले हे दाखविण्यासाठी तक्ता नाही.

राज्य मंत्रिमंडळाच्या बाबतीत तर कायद्याने दरवाजा स्पष्टपणे लावून घेतला आहे. मंत्री, सचिव व अन्य अधिकारी यांच्या विचारविमर्शाचे अभिलेख कलम ८ मधील अपवादात मोडतात. निर्णय झाल्यावर आणि विषय पूर्ण झाल्यावर निर्णय, कारणे व आधारभूत सामग्री उघड करावी, असे परंतुक त्याला जोडलेले आहे. म्हणजे येथेही काळ तोच, झाल्यानंतरचा. शासन निर्णय ज्यांनी नियमित वाचले आहेत त्यांना त्यांची ठरीव रचना ठाऊक आहे. आरंभी ‘वाचा’ या मथळ्याखाली जुन्या पत्रांची यादी, मग प्रस्तावना, आणि प्रस्तावनेच्या अखेरीस अमुक ‘बाब शासनाच्या विचाराधीन होती’ हे वाक्य. कोण विचार करीत होते, कोणते पर्याय समोर होते, कोणी विरोध केला, हे सारे त्या ‘विचाराधीन’ या एका शब्दात गडप होते. मराठी गद्यात कर्ता लपविण्याचे एवढे कुशल उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

नगरपरिषदांच्या इतिवृत्ताची शैलीही अभ्यासण्याजोगी आहे. सूचक व अनुमोदक यांची नावे तेथे काटेकोरपणे येतात. त्यानंतर ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’. चर्चा काय झाली याची नोंद नसते, चर्चेचा अंत झाला याची मात्र असते. आणि विषयपत्रिकेच्या शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ हा जो एक निरुपद्रवी दिसणारा क्रमांक असतो, त्याच्या पोटात काय काय सामावू शकते हे नगरपालिकेच्या परिसरात वावरलेल्या कोणालाही सांगावयास नको. आधी जाहीर न झालेल्या विषयावरची सभा, तिची दारे सताड उघडी असली तरी, खुली कशी म्हणावी?

हजर मजलस

आपल्याकडे उघड्या सभेची परंपराच नव्हती, ती पाश्चात्त्य कल्पना आहे, असे कोणी म्हटल्यास ते मान्य करता येणार नाही. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही बारा मावळांतील नावे आजही या तालुक्यात रोजच्या बोलण्यात आहेत. या प्रदेशातील वतनांचे तंटे गोतसभेपुढे चालत आणि निवाड्याचा महजर होत असे. महजर या शब्दाच्या मुळाशीच हजर असणे आहे. राजवाड्यांनी व पुढे भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रकाशात आणलेल्या महजरांत हजर मजलसीची नावे निवाड्याच्या आधी येतात. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, मग बलुतेदार. ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्या निशाण्या असत. पाटलाचा नांगर, इतरांची आपापल्या धंद्याची हत्यारे. वादी काय म्हणाला, प्रतिवादी काय म्हणाला, साक्ष कोणी दिली, हे सविस्तर येते आणि नंतर निर्णय येतो. आजच्या इतिवृत्तापेक्षा सतराव्या शतकातील हा कागद सभेविषयी अधिक सांगतो, हे नाकारता येत नाही.

अर्थात या परंपरेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. हजर कोणी राहावयाचे हे वतनाने ठरत होते. ज्यांना वतन नाही त्यांना मजलस नाही. स्त्रिया प्रायः अनुपस्थितच. सभा उघडी होती, परंतु ती कोणासाठी उघडी होती, हा प्रश्न तेव्हाही होता आणि पुढे आपण पाहणार आहोत की तो आजही तसाच आहे.

जाता जाता एक नोंद. कार्ल्याच्या चैत्यगृहावरील शिलालेखांत भिक्षुसंघाला गाव दिल्याची राजाज्ञा कोरलेली आहे, आणि सातवाहनकालीन एका लेखात ही आज्ञा मामाळ येथील अमात्याला उद्देशून आहे. मावळ हे नाव आपल्याला इतक्या जुन्या काळात भेटते ते एका प्रशासकीय आदेशात. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा जागी सरकारी आदेश कोरणे हे स्वयंप्रेरणेने माहिती प्रसिद्ध करण्याचे प्राचीन उदाहरण म्हणता येईल. पण दगडावर येतो तो निर्णयच. गावातील कुळांना कोणी विचारले होते काय, ते दगड सांगत नाही.

निर्णय कोठे होतो

विसाव्या शतकात मावळ आणि शेजारचे मुळशी खोरे यांच्या वाट्याला धरणे आली. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी लोणावळा परिसरात तलाव बांधले गेले आणि खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले. पुढे मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी १९२१ पासून सेनापती बापट यांच्यासह जो सत्याग्रह केला तो सर्वपरिचित आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात हरकत घेण्याची सोय नंतर झाली, पण प्रकल्प व्हावा की नाही हे जेथे ठरे त्या खोलीत शेतकऱ्याला जागा नव्हती. मुंबईला वीज हवी हे मुंबईत ठरले.

आता पवनेच्या जलवाहिनीचा विचार करू. येथे जरा थांबावे लागेल, कारण या प्रकरणात आपला रकाना उघडा पडतो. पवना धरणाचे पाणी नदीत सोडायचे आणि पिंपरी चिंचवड महानगरपालिकेने ते रावेतच्या बंधाऱ्याजवळ उचलायचे, अशी व्यवस्था होती. त्याऐवजी थेट धरणापासून बंद नळाने पाणी नेण्याची योजना आखली गेली. नदीकाठच्या शेतकऱ्यांना भीती अशी की पाणी नळात गेले म्हणजे नदीला राहणार नाही आणि उपसा करून पिकणारी शेती वाळेल. शिवाय नळ टाकण्यासाठी जमीन जाणार ती वेगळी. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती महामार्गावर झालेल्या आंदोलनात पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन आंदोलकांचा मृत्यू झाला. त्यात एक महिला होती. योजना त्यानंतर वर्षानुवर्षे स्थगित राहिली.

या योजनेला जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाचे साहाय्य होते. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या या अभियानाने राज्यांना निधी देताना काही सुधारणा सक्तीच्या केल्या होत्या. त्यांतील दोन अशा: जनतेसमोर माहिती उघड करण्याचा कायदा आणि लोकसहभागाचा कायदा. म्हणजे ज्या पैशातून नळ टाकावयाचा होता तो पैसाच पारदर्शकता व सहभाग यांच्या अटीसह आला होता. मग हे का घडले? माझ्या मते याचे उत्तर प्रशासनाच्या लबाडीत शोधणे सोपे आहे, पण अपुरे आहे. सहभाग अपेक्षित होता तो शहराच्या रहिवाशांचा. महानगरपालिकेची सर्वसाधारण सभा पूर्णतः खुली असती, प्रेक्षकांच्या सज्जात जागा राखून ठेवली असती, तरी बऊरचा शेतकरी त्या सभेचा मतदार नव्हता, तेथील नगरसेवक त्याला उत्तर देण्यास बांधील नव्हते. पाटबंधारे खात्याच्या बैठका मुंबई-पुण्यात, अभियानाची मंजुरी दिल्लीत, सभा पिंपरीत आणि जमीन मावळात. यांपैकी प्रत्येक कार्यालयाने आपला आठवा तक्ता अचूक भरला असता तरी त्या चार ठिकाणांना जोडणारी एकही सभा मावळात झाली नसती.

यावर कोणी ग्रामसभेकडे बोट दाखवील, आणि ते योग्यच आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा बंधनकारक आहेत आणि प्रथेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी त्या होतात. शासनाच्या संपूर्ण रचनेत सामान्य नागरिकाला हक्काने बसता येते, बोलता येते अशी ही एकमेव सभा. गणपूर्तीसाठी मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. तेवढीही नसली की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला ती अट उरत नाही, हे गावोगावच्या सरपंचांना चांगले ठाऊक आहे. परंतु ग्रामसभेची खरी मर्यादा उपस्थितीची नाही. तिच्यापुढे येणारे विषय घरकुल, गटार आणि दिवाबत्ती यांचे असतात. धरण, महामार्ग, औद्योगिक क्षेत्र हे विषय तिच्या विषयपत्रिकेवर येत नाहीत. आले तर झालेल्या निर्णयाची माहिती म्हणून येतात. जी सभा खुली आहे तिच्याकडे निर्णय नाही आणि ज्या सभेकडे निर्णय आहे ती खुली नाही, अशी ही विभागणी आहे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने आपल्या नावातच पारदर्शकता हा शब्द घेतला आणि सामाजिक परिणामांच्या मूल्यनिर्धारणासाठी बाधित क्षेत्रात जनसुनावणी आवश्यक केली. निर्णयाआधीची, बाधितांच्या जागी होणारी, उघडी सभा. मुळशीपासून जे मागितले जात होते ते जवळजवळ हेच. महाराष्ट्राने २०१८ मध्ये या कायद्यात दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना या प्रकरणातून सूट देण्याचा मार्ग मोकळा केला. औद्योगिक क्षेत्रांसाठीचे संपादन तर १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाखाली होत आलेले आहे. तळेगावच्या परिसराला या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

तळेगावचेच आणखी एक उदाहरण राज्य पातळीवरचे आहे. वेदांता-फॉक्सकॉनचा सुमारे १ लाख ५४ हजार कोटी रुपयांचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावजवळ येणार अशी चर्चा असताना सप्टेंबर २०२२ मध्ये तो गुजरातला जात असल्याचे जाहीर झाले. त्यानंतर महाराष्ट्रात जो वाद पेटला तो सारा बैठकांविषयीचा होता. कोणत्या तारखेला कोणाची कोणाशी बैठक झाली, उच्चाधिकार समितीने काय देऊ केले, कोणाच्या काळात उशीर झाला. शासनाने ऑगस्ट २०२३ मध्ये विधिमंडळात याबाबत श्वेतपत्रिका मांडली. तोवर प्रकल्प महाराष्ट्रातून जाऊन अकरा महिने झाले होते आणि फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंगही काढून घेतले होते. सत्ताधारी आणि विरोधक या दोघांनाही त्या बैठकांचे इतिवृत्त उपयोगाचे वाटले ते परस्परांवर दोषारोप करण्यासाठी. तळेगावच्या तरुणाला अथवा जमीनधारकाला त्या बैठका चालू असताना त्यांची माहिती असावी, असे कोणत्याही बाजूने म्हटल्याचे दिसले नाही.

एकट्याने वाचलेला कागद

बैठक बंद आणि कागद उघडा, या व्यवस्थेचा एक परिणाम असा आहे की त्याची किंमत एका माणसाला मोजावी लागते. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांनी द्रुतगती महामार्गालगतच्या व परिसरातील जमीन व्यवहारांतील गैरप्रकार माहिती अधिकाराच्या साहाय्याने उजेडात आणले होते. जिवाला धोका असल्याचे सांगून त्यांनी पोलीस संरक्षण मागितले होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरावयास गेले असता त्यांची हत्या झाली. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि २०१४ साली त्या विभागाने तपास बंद करण्याचा अहवाल सादर केला. पुढे तो पुन्हा उघडला गेला आणि पुन्हा बंद झाला.

या घटनेकडे बहुधा व्यक्तीच्या धैर्याची कथा म्हणून पाहिले जाते. ते धैर्य वादातीत आहे. पण येथे विचारण्याजोगा प्रश्न रचनेचा आहे. माहिती अधिकाराच्या अर्जावर अर्जदाराचे नाव आणि पत्ता असतो. कागद मागणारा एकटा असतो, कागद वाचणारा एकटा असतो आणि त्यातून काही निघाले तर ते कोणामुळे निघाले हे सर्वांना ठाऊक असते. उघड्या सभेत दोनशे माणसांपुढे विचारलेला प्रश्न एकट्याचा राहत नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात कोट किराणा येथे जी पहिली जनसुनावणी घेतली, तिच्यात हजेरीपत्रके व देयके गावासमोर मोठ्याने वाचली गेली. तेथे कागद आणि सभा एकत्र आले होते. माहितीचा अधिकार या देशात जन्मला तो त्या एकत्र येण्यातून. कायदा होताना मात्र कागद तेवढा आत घेतला गेला आणि सभा बाहेर राहिली. महाराष्ट्रातही अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने राज्याच्या माहिती अधिकार कायद्याला २००३ मध्ये गती मिळाली, ती चळवळ ग्रामसभेच्या आग्रहाशी जोडलेली होती. कायद्यात तो दुवा उतरला नाही.

कागदाचा दरवाजाही आता अरुंद होत आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीविषयीचा अपवाद बदलला आणि त्यातच अंतर्भूत असलेली व्यापक जनहिताची तपासणी तेथून काढून टाकली. जमिनीच्या व्यवहारांत तर प्रत्येक कागदावर कोणाचे ना कोणाचे नाव असतेच.

एका माणसाची सभा

लोणावळा नगरपरिषद ब्रिटिश काळातील, १८७७ ची. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात सभा जनतेस खुली असावी हे तत्त्व आहे आणि पीठासीन अधिकाऱ्याला त्याला अपवाद करण्याची मुभाही आहे. हे तत्त्व कागदावर अबाधित असतानाच २०२२ च्या सुरुवातीस राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांप्रमाणे लोणावळा व तळेगाव दाभाडे येथेही निवडून आलेल्या मंडळाची मुदत संपली आणि प्रशासक आले. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा व प्रभागरचनेचा वाद न्यायालयात राहिल्याने निवडणुका लांबल्या, त्या डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधल्या जवळजवळ चार वर्षांत सर्वसाधारण सभेचे अधिकार एका अधिकाऱ्याकडे होते. प्रस्ताव मांडणारे कार्यालय त्याचे आणि मंजूर करणारी सभाही तोच. अशा सभेला दार असो वा नसो, तिच्यात बसून ऐकावे असे काही घडतच नाही. पारदर्शकतेच्या आपल्या चर्चेत या चार वर्षांची जेवढी दखल घ्यावयास हवी तेवढी घेतली गेली नाही. आठवा तक्ता भरणाऱ्या कार्यालयाने या काळात ‘सदस्य’ या रकान्यात काय लिहिले असेल, हा प्रश्न अगदीच थट्टेचा नाही.

याच काळात, १५ जून २०२५ रोजी, इंद्रायणीवरील कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. पूल धोकादायक असल्याचे ज्ञात होते, नव्या पुलाला मंजुरी होती, काम सुरू झालेले नव्हते. सारे कागद आपापल्या जागी होते. ते कोठे आणि का थांबले आहेत हे विचारण्यासाठी पर्यटकांना नाही तरी गावाला एखादी बैठक उपलब्ध होती काय?

आक्षेप

सभा उघडल्याने काय साधते, असा आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९५३ मध्ये ब्राउन कायदा केला, फ्लोरिडाने १९६७ मध्ये, आणि केंद्रीय मंडळांसाठी १९७६ मध्ये तसा कायदा झाला. अनुभव असा की मंडळाची सभा खुली झाली म्हणजे खरी चर्चा सभेच्या आधी कर्मचाऱ्यांच्या कक्षात सरकते. सभेत उरतात ती भाषणे. आपल्याकडेही हे होणार नाही असे कोण म्हणेल? लोणावळा हे तर राजकीय पक्षांच्या चिंतन शिबिरांचे आवडते गाव. सभागृहात ठरावयाचे ते डोंगरावरच्या बंगल्यात आधीच ठरून यावे, याला भौगोलिक सोयही येथे उपलब्ध आहे.

परंतु या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष दार बंद ठेवावे असा नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातील महत्त्वाची गोष्ट प्रेक्षकांची खुर्ची ही नाही. नियमित सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी लावली पाहिजे आणि तिच्यात नसलेल्या विषयावर सर्वसाधारणपणे निर्णय घेता येत नाही, ही ती गोष्ट आहे. ‘ऐनवेळचे विषय’ तेथे बसत नाहीत. ब्रिटनमध्ये एका छपाई संपाच्या काळात काही स्थानिक संस्थांनी वार्ताहरांना सभेबाहेर ठेवले, त्यावर १९६० मध्ये सार्वजनिक संस्थांच्या सभांना प्रवेश देणारा कायदा झाला. नव्यानेच निवडून आलेल्या मार्गारेट थॅचर यांनी तो खासगी विधेयक म्हणून मांडला होता. त्यातही सूचना आधी लावणे आणि वगळावयाचे झाल्यास ठराव करून कारण नोंदविणे यावर भर आहे. बंगल्यात काहीही ठरो, ते विषयपत्रिकेवर तीन दिवस आधी यावे लागले, त्यासोबत ठरावाचा मसुदा लावावा लागला आणि मत कोणी कसे दिले हे नाव घेऊन लिहावे लागले, तर बंगल्याचे महत्त्व पुष्कळ कमी होते. जुन्या महजरात जे होते त्याहून हे फार वेगळे मागणे नाही.

अध्यापकवर्गाने हा विषय दुसऱ्यांचा समजू नये. आपली महाविद्यालयेही मूल्यांकनाच्या निमित्ताने कलम ४ चे तक्ते भरतात. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमाने महाविद्यालय विकास समिती आणली, तिच्यात अध्यापकांचे, शिक्षकेतर सेवकांचे व विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी आहेत. तिच्या बैठकीची विषयपत्रिका सूचनाफलकावर बैठकीआधी लागलेली किती जणांनी पाहिली आहे? इतिवृत्त मात्र पाहणी समिती येण्यापूर्वी नीट बांधून ठेवलेले असते.

कलम ४ च्या आठव्या तक्त्याच्या मांडणीत बदल करण्यासाठी संसदेची गरज नाही. ‘खुली आहे किंवा नाही’ याच्या शेजारी आणखी तीन रकाने पुरेसे आहेत: नसल्यास कारण, विषयपत्रिका सभेपूर्वी किती दिवस आणि कोठे लावली, आणि सभा कोणत्या गावी झाली. मावळपुरते बोलावयाचे तर यांतील तिसरा रकाना सर्वांत अवघड जाईल. वडगावच्या तहसील कचेरीच्या फलकावर चिकटविलेली सूचना नियमानुसार प्रसिद्ध झालेली असते, पण अंदर मावळात खांडीला राहणाऱ्या माणसाने ती वाचावी यासाठी त्याने आधी वडगावला यावे लागते, आणि येण्यासाठी ती लागली आहे हे त्याला आधी कळलेले असावे लागते.